मदत हवी आहे: हायब्रिड सुपरकॅपॅसिटर १.६ व्होल्टला चढेना, इलेक्ट्रोलाइट बदलू का?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला हायब्रिड डिव्हाइस (एक इलेक्ट्रोड बॅटरीसारखा, दुसरा कपॅसिटरसारखा) करतोय. पॉझिटिव्हला निकेल फोमवर हायड्रोथर्मलने (बंद भांड्यात गरम पाण्याच्या दाबाखाली) वाढवलेलं निकेल कोबाल्टाइट, निगेटिव्हला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, मध्ये इलेक्ट्रोलाइट म्हणून ६ मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). तीन इलेक्ट्रोडच्या सेटअपमध्ये सगळं झकास. मर्क्युरी ऑक्साइड रेफरन्सला ० ते ०.४५ व्होल्टमध्ये कोबाल्टाइट साधारण ९०० फॅरड पर ग्रॅम देतं, कार्बन −१ ते ० मध्ये १८० देतो. पण दोन्ही समोरासमोर ठेवले की गणित फिस्कटतं. १.४ व्होल्टच्या आसपासपर्यंत ठीक, मग चार्जिंगचा कर्व्ह आडवाच पडतो आणि डिस्चार्जला दिलेल्यातलं बरंच परत मिळत नाही. निरखून बघितलं तर बारीक बुडबुडे कार्बनच्या बाजूला येतायत, पॉझिटिव्हला काहीच नाही. मास दोन्हीकडे १.१ मिलिग्रॅम, मुद्दाम सारखं ठेवलंय.

लॅबमधले एक सीनियर म्हणतात पाणी १.२३ व्होल्टलाच फुटतं, ऑरगॅनिक इलेक्ट्रोलाइट घे, २.७ आरामात मिळतील. दुसरे म्हणतात सोडियम सल्फेट वापर. ग्लोव्हबॉक्स (हवा-ओल आत न येऊ देणारी बंद पेटी) आमच्याकडे नाही आणि सबमिशन तोंडावर आलंय. नक्की काय बदलू?

काळाकार्बन:
इलेक्ट्रोलाइटला आत्ता हात लावू नकोस मित्रा. १.२३ हा थर्मोडायनॅमिक, म्हणजे कागदावरचा किमान आकडा झाला, कार्बनवर हायड्रोजन सुटायला त्याहून बराच जास्त जोर लागतो म्हणून तर लोक केओएचमध्ये १.५-१.६ पर्यंत जातात. तुझी भानगड मासची आहे. दोन्हीकडून चार्ज सारखाच वाहतो ना? मग मोज. कोबाल्टाइट ९०० गुणिले ०.४५ म्हणजे ४०५ कूलॉम पर ग्रॅम, कार्बन १८०. सारखं मास ठेवलंस तर कार्बन निम्म्या वाटेतच भरतो आणि पुढचा सगळा व्होल्टेज त्याच्या डोक्यावर बसतो, −१ च्या खाली ढकलला जातो, म्हणून बुडबुडे तिकडे. कार्बन सव्वादोन पट घे, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास.

सोडियम सल्फेटमध्ये कोबाल्टाइट जवळपास मुकंच बसेल, त्याच्या रिअ‍ॅक्शनला हायड्रॉक्साइड लागतो. तिथे मॅंगनीज डायऑक्साइड शोभतं, कार्बनसोबत १.८ ते २ व्होल्टपर्यंत जातं, पण मग नवा इलेक्ट्रोडच करावा लागेल. आणि ते २.७ म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइलमधलं, दोन्हीकडे कार्बन असलेल्या साध्या सुपरकॅपॅसिटरचं. ऑरगॅनिकमध्ये हायब्रिड करायचं तर लिथियम टायटनेट आणि कार्बन, जे संशोधक अमाटुच्चींच्या ग्रुपने २००१ मध्ये दाखवलं, त्याला लिथियम सॉल्ट आलं म्हणजे ग्लोव्हबॉक्स आलाच.

रेणू_ताई:
वरच्या उत्तराला अनुमोदन, पण त्याआधी नुसता फोम, काहीही न वाढवता, तोच केओएच आणि तीच रेंज घेऊन एकदा चालवून बघ बाळा. फोमच्या अंगावरचं निकेल हायड्रॉक्साइड स्वतःच करंटचं शिखर (पीक) देतं, आणि मास एवढंसं असलं की ते सगळं तुझ्या ९०० मध्ये मिसळतं. तो भाग वजा केलास की मास रेशोसुद्धा बदलेल. आणि डिस्चार्जला सपाट प्लॅटो येत असेल, म्हणजे वागणूक बॅटरीसारखी असेल, तर फॅरड लिहूच नकोस, मिलिअ‍ॅम्पियर-अवर लिही (४०५ कूलॉम म्हणजे ११२ होतात), परीक्षक हल्ली बरोब्बर तिथेच पकडतात. डिव्हाइसची एनर्जी पण अर्धा सीव्ही स्क्वेअरने (½CV²) काढू नकोस, कर्व्हखालचं क्षेत्रफळ घे.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद दादा, ताई! नुसता फोम आजच लावतो. एक शंका, अडीच मिलिग्रॅम कार्बन चिकटवायला पीव्हीडीएफ बाइंडर चालेल का? जाड थर केला की निघून येतो.

काळाकार्बन:
पीव्हीडीएफ कडक अल्कलीत काळं पडतं आणि ठिसूळ होतं. पीटीएफई डिस्पर्शन घे, १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, पेस्ट लाटून फोमवर प्रेस कर. कार्बन ब्लॅक (वीज नीट वाहावी म्हणून मिसळायची पूड) विसरू नकोस, नाहीतर आयआर ड्रॉप (आतल्या रोधामुळे व्होल्टेज एकदम पडणं) घेऊन परत इथेच येशील :)