तडा सांगाड्यामुळेच गेला असणार

कुणीतरी विचारलंय की शाडूचं डोकं वाळताना तडकलं कसं. आत लोखंडी सळीचा सांगाडा होता ना? माती वाळताना आकसते, सळी आकसत नाही, मग फुटणारच. आमच्या शिल्पकलेच्या वर्गात माती सुकूच देत नाहीत. ओलं फडकं, वर प्लास्टिक, आणि ओली असतानाच प्लास्टरचा साचा. एका शनिवारी मी फडकं भिजवायला विसरलो. सोमवारी माझ्या मातीच्या आजोबांचा कान पाटावर!

साच्याच्या पहिल्या थरात मात्र थोडी नीळ घाला. पुढे माती काढून साच्यात मूर्ती ओतली, की ती बाहेर काढायला छिन्नीने साचा फोडताना निळा रंग दिसला की समजायचं, मूर्ती आली, हात हलका करायचा. (मी तरी घाईत नाकाचा शेंडा उडवलाच.)