मदत हवी आहे : लव्हलॉक गुहेतल्या बदक-डिकॉयचं जलरंग चित्र

अमेरिकेतल्या नेवाडात, लव्हलॉक गुहेत 1924 साली सुमारे 2000 वर्षं जुनी 11 फसवी बदकं (डिकॉय, म्हणजे शिकारीसाठी खऱ्या बदकांना जवळ ओढणारी नकली बदकं) सापडली. टुली या लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीच्या काड्या वाकवून, बांधून केलेली. त्यांपैकी एका रंगवलेल्या, पांढरी पिसं लावलेल्या बदकाचं चित्र करायचं आहे. 300 जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरबरीत) कागद, चौथाई आकार.

काड्यांवर पिवळ्या गेरूचा पातळ हात, सुकल्यावर बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंगाने) फक्त बांधणीच्या सावल्या. इथपर्यंत जमतं. अडचण पांढऱ्या पिसांची. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) लावलं तर कडा कातरल्यासारख्या दिसतात आणि रात्रभर राहिलं तर काढताना कागदाचा पापुद्राच निघतो. न लावता काम केलं, तर डोक्याचा तांबडा रंग ओल्या मानेवरून पिसांत उतरतो. शेवटी गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) पिसं रंगवावीत का? ती खडूसारखी मेलेली दिसतात.

दुसरं, अर्थाबद्दल. तिथले मूलनिवासी उत्तर पायूट लोक आजही अशी बदकं बांधतात आणि 1995 पासून टुली बदक हे नेवाडाचं राज्य-पुरावस्तू चिन्ह आहे. त्यामुळे ‘फसवणुकीचं प्रतीक’ ही सोपी मांडणी मला चुकीची वाटते. पाणथळ जागेची बारीक ओळख दिसायला हवी. मग पार्श्वभूमी कोरी ठेवावी की पाणी दाखवावं?