पोलाद कंपनीचा पीई ६, पण दहा वर्षांच्या कमाईवर किती?

प्रश्न: चालू पीई (भाव भागिले प्रतिशेअर कमाई) ६ दिसतोय, पण नफा ऐन तेजीतला आहे. शिलर पद्धतीने (अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांची, दहा वर्षांच्या कमाईवर पीई काढण्याची रीत) महागाई-समायोजित सरासरी कशी काढायची? तोट्याची दोन वर्षं वगळायची का?

उत्तर १: अजिबात नाही. मंदीही हिशेबात यावी म्हणूनच दहा वर्षं घेतात. कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्यांसह, ईपीएस (प्रतिशेअर कमाई) घ्या. प्रत्येक वर्षाचा ईपीएस गुणिले आजचा ग्राहक किंमत निर्देशांक, भागिले त्या वर्षाचा सरासरी निर्देशांक. तेव्हा निर्देशांक १२०, ईपीएस २० रुपये आणि आज निर्देशांक १८० असेल, तर ३० रुपये धरा. तोट्यालाही हाच नियम. मग दहाची सरासरी काढून आजच्या भावाला तिने भागा. भाव ४५०, सरासरी २५ आली तर गुणोत्तर १८. सहाचा स्वस्तपणा तिथेच उतरतो!

उत्तर २: त्याआधी बोनस (मोफत शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) बघा. १:१ बोनस, म्हणजे एकामागे एक शेअर, असेल तर आधीचे सगळे ईपीएस निम्मे करा, नाहीतर सरासरी फुगते आणि शेअर उगाच स्वस्त भासतो. जमीन विकून झालेला नफा, त्यावरचा कर जाऊन उरेल तेवढा, कमाईतून वजा करा. मात्र दर मंदीत मालमत्ता निर्लेखित करणाऱ्या (हिशेबातली तिची किंमत घटवणाऱ्या) कंपनीचं ते नुकसान ‘अपवादात्मक’ म्हणून सोडू नका. सोयीस्कर शब्द आहे तो.

उत्तर ३: दहा वर्षांत क्षमता दुप्पट झाली असेल तर जुना ईपीएस आजच्या कंपनीचा नव्हेच. मग दहा वर्षांचा सरासरी आरओई (भागधारकांच्या निधीवरचा परतावा) गुणिले आजचं प्रतिशेअर पुस्तकी मूल्य (मालमत्ता वजा देणी), हा ईपीएसचा अंदाजही शेजारी ठेवा. आणि तुलना कंपनीच्याच जुन्या गुणोत्तराशी करा, निफ्टीशी नको.