क्रॅनिओफॅरिंजिओमा (मेंदूच्या तळाची गाठ) : भाच्याची गाठ पूर्ण काढावी की थोडी ठेवून शेक (रेडिएशन) द्यावा? सल्ला हवा

बार्शीचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचा, वय ९, चौथीत. दोन वर्षं त्याची एकही पँट तोकडी झाली नाही आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, कपडे टिकवतं हो पोरगं! दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं, सकाळी उठल्या उठल्या उलटी. आधी पित्त म्हणून औषध झालं, मग चष्मा लागला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंचं कडेचं त्याला दिसतच नाही. त्यांनी एमआरआयला पाठवलं. पिट्युटरीच्या (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) वर साडेतीन सेंटिमीटरची गाठ, बरीचशी पाण्यानं भरलेली, सीटीत कॅल्शियम.

एक सर्जन म्हणतात सगळी काढू, विषय संपला. दुसरे म्हणतात सगळीच्या मागे लागायचं नाही, नाजूक भाग सोडू आणि नंतर रेडिएशन देऊ. ताई-दाजींना अर्थातच पहिले पटलेत. कुणाचा अनुभव आहे का? मुंबई-पुणे दोन्ही चालेल. खर्चाचंही सांगा. आणि हो, पोरगं रात्री चार-चारदा उठून पाणी पितं, त्याचा याच्याशी संबंध असतो का?

लेकीची_आई

मामा, आमच्या मुलीचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं, तेव्हा ती ७ वर्षांची होती. आम्हीही "सगळी काढू" ऐकून हुरळलो होतो. गाठ सगळी निघाली, एमआरआय स्वच्छ. ऑपरेशननंतर कोणते हार्मोन कायमचे द्यावे लागतील, भूक कशी सुटेल, याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, खाजगी निरोपातही विचारू नका.)

घरी आल्यावर पहिल्या वर्षात तिचं वजन १४ किलोनं वाढलं. जेवून उठली की दहा मिनिटांत परत ओट्याशी. मी शेंगदाण्याच्या कुटाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, तर खुर्ची लावून काढला. मी एकदा हात उगारला तिच्यावर. नंतर कळलं की गाठीला लागून असलेल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला, धक्का लागला की पोट भरल्याचा निरोपच मेंदूला मिळत नाही. लेकराचा काय दोष हो.

आता ती आठवीत आहे, गणितात माझ्यापेक्षा हुशार. सकाळी स्टिरॉइड आणि थायरॉइडची गोळी, लघवी आवरायची डेस्मोप्रेसिन दोनदा, रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन. ते ती स्वतः टोचते. ताप आला की स्टिरॉइडचा डोस दुप्पट. उलटीमुळे गोळी टिकली नाही तर थेट इंजेक्शनला पळायचं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात तसं कार्ड आहे आणि वर्गशिक्षिकांकडे त्याची झेरॉक्स.

तेव्हा माझं मत विचाराल तर दुसऱ्या सर्जनचं नीट ऐका.

हार्मोनवाला_डॉक्टर

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहे. रिपोर्ट पाहिलेले नाहीत, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

गाठ कॅन्सर नाही, ग्रेड १ आहे. पण आतलं पाणी इंजिन ऑइलसारखं आणि कडा आजूबाजूला चिकटलेल्या. एकीकडे डोळ्यांच्या नसा, दुसरीकडे हायपोथॅलॅमस. तिथून ओढून काढायची म्हणजे काय मोल द्यावं लागतं ते वरच्या ताईंनी लिहिलंय. म्हणून हायपोथॅलॅमस गाठीत गुंतला असेल तर तो राखून शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन, असा कल हल्ली जास्त आहे. नुसती थोडी काढून थांबलं तर ती पुन्हा वाढायची शक्यता बरीच. काही मुलांत पाण्याच्या पिशवीत नळी बसवून ते वेळोवेळी काढतात. नाकातून की कवटी उघडून, हे गाठ कुठल्या दिशेला वाढलीय त्यावर ठरतं. "नाकातून म्हणजे आधुनिक" असं काही नसतं.

रेडिएशन साधारण ५४ ग्रे (हे डोसचं माप), ३० बैठका, सहा आठवडे. टाटा मेमोरियलनं २००१ ते २०१२ मध्ये २०० मुलं-तरुणांवर नेमक्या जागी रोखलेल्या आणि जुन्या पद्धतीच्या रेडिएशनची तुलना केली, २०१७ला छापली. नेमक्या पद्धतीत बुद्धी आणि हार्मोन जास्त चांगले टिकले. प्रोटॉन किरणांचं रेडिएशन चेन्नईत २०१९पासून आहे, खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३पासून. मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी महिने घालवू नका. नजर भराभर उतरत असेल किंवा मेंदूत पाणी साठत असेल तर वाट पाहायची नसते.

आता पाण्याचं. संबंध आहे, दाट आहे; गाठीमुळे लघवी आवरणारं हार्मोन कमी पडत असावं. चोवीस तासांची लघवी मोजा. पिण्यावर रागावू नका, बंद तर अजिबात करू नका. ऑपरेशनआधी रक्तातलं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड), थायरॉइड, सोडियम तपासाच. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी स्टिरॉइड, थायरॉइडची गोळी नंतर. क्रम चुकला तर मूल कोसळतं.

निसर्गमित्र७२

कापाकापी कशाला? गोमूत्र अर्क आणि

लेकीची_आई

निसर्गमित्र, पुढचं लिहू नका. मुलाची नजर जातेय.

पुणेरी_जोशी

विषयांतराबद्दल क्षमस्व. काकांना (५८) हाच आजार निघालाय. गोळ्यांनी गाठ विरघळते असं वाचलं?

हार्मोनवाला_डॉक्टर

जोशी, मोठ्यांतला पॅपिलरी प्रकार असेल आणि गाठीच्या जनुकात बीआरएएफ व्ही६००ई हा बदल सापडला तरच. २०२३च्या एका अभ्यासात १६पैकी १५ रुग्णांची गाठ गोळ्यांनी आक्रसली. गाठीच्या तुकड्याची ही तपासणी मागा. मामा, लहान मुलांत बहुतेक दुसरा प्रकार असतो, तुम्ही यात अडकू नका.

परळची_वारी

परळला टाटा आणि केईएम ही हॉस्पिटलं शेजारी-शेजारी आहेत, एका फेरीत दोन मतं होतात. केईएमचा एंडोक्राइन विभागही पाहा. फिल्म नको, एमआरआयची सीडी न्या. महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राला विचारा (रेशनकार्ड, आधार बरोबर), टाटात सोशल वर्करला आधी भेटा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. आम्ही तिथं दोन महिने काढले. पहाटे लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते.

बार्शीचा_मामा

सगळ्यांचे आभार. ताईला धागा वाचून दाखवला. ती रडायलाच लागली, कारण गादी ओली करतो म्हणून रात्री आठनंतर ती त्याचं पाणी बंद करायची. कालपासून तांब्या उशाशी असतो. दुधाच्या मापानं मोजलं, चोवीस तासांत सव्वाचार लिटर. मंगळवारी परळला निघतोय.

हार्मोनवाला_डॉक्टर

एवढी लघवी असेल तर मंगळवारपर्यंत थांबू नका. सोडियम उद्या सकाळीच सोलापुरात करून घ्या, आकडा इथे टाका. मोजल्याचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.