एमजीबी घ्यावी की ट्रायम्फ टीआर६?

बर्मिंगहॅमकर:
इथे इंग्लंडात शनिवार-रविवार फिरवायला जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स गाडी, क्रोम बंपरची एमजीबी रोडस्टर किंवा ट्रायम्फ टीआर६, घ्यायची आहे. किरकोळ दुरुस्ती घरी जमते, वेल्डिंग नाही. बघायला गेल्यावर काय तपासू?

नटबोल्ट:
वेल्डिंग जमत नसेल तर एमजीबीच घ्या, पण सिल, म्हणजे दाराखालची पोकळ पत्र्याची पट्टी, शाबूत असेल तरच. हिला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, वर छप्परही नाही, त्यामुळे सगळा भार सिलवर. ती आतून सडते आणि बाहेरचा रंग मात्र चकाकत राहतो. दार लावून गाडी जॅकिंग पॉइंटवर उचला आणि दाराच्या फटीकडे बघा. फट आवळली तर व्यवहार तिथेच थांबवा. नुसता बाहेरचा पत्रा बदलून भागत नाही, आतली सिल आणि तिच्या खालची कॅसल रेल नावाची पट्टीही करावी लागते.

मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खुंटी, झिजलेली. किंगपिनला दर ३००० मैलांना ग्रीस लागतं आणि ते देणारे थोडेच. इंजिन १७९८ सीसी. १९६४च्या अखेरीपासून क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, आधार देणारी मेन बेअरिंग तीनऐवजी पाच आली, तसलंच इंजिन बघा.

कोव्हेंट्रीकर:
सिलचं पटलं. तरी टीआर६च्या २४९८ सीसी सहा सिलिंडरची ओढ एमजीबीत नाही. तपासणी मात्र कडक हवी. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने क्रँकची पुली बघायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, गेले. ते निसटून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात आणि क्रँक थेट ब्लॉक खाते. म्हणून सिग्नलला क्लच दाबून थांबू नये.

गाडीखाली जाऊन मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या पुढच्या उजव्या माउंटिंगला चीर आहे का पाहा, आणि मागच्या ट्रेलिंग आर्मजवळची (मागची चाकं धरणाऱ्या दांड्यांजवळची) चॅसिस सडली आहे का ते टोचून बघा.

बर्मिंगहॅमकर:
आणि टीआर६चं लुकास कंपनीचं पेट्रोल इंजेक्शन?

कोव्हेंट्रीकर:
सुमारे १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब लागतो. जुना पंप तापला, त्यात टाकीत पेट्रोल कमी असलं, की उन्हाळ्यात गाडी बंद पडते. बॉश पंप बसवलेली मिळाली तर उत्तम. अमेरिकेतून परत आलेल्या गाड्यांना इंजेक्शनऐवजी दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर असतात. सांभाळायला सोप्या, पण ताकद बरीच कमी.

नटबोल्ट:
चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटी (इथली गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही. तरी विक्रेत्याकडे ताजी एमओटी मागाच.