नाना शंकरशेट : शेटजींचे राजकारण की लोकांचे?

चर्चाप्रस्ताव
नाना शंकरशेटांचे नाव निघाले की 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली आगगाडी आठवते आणि बोलणे तिथेच थांबते. माझ्या मते त्यांचे मोठेपण त्यांच्या राजकारणात आहे. वडिलोपार्जित व्यापाराची अफाट दौलत आणि सरकारदरबारी मान असूनही 26 ऑगस्ट 1852 रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा (कारभाराच्या परवान्याचा) प्रश्न पार्लमेंटपुढे येत असताना, कायदेमंडळात व वरिष्ठ नोकऱ्यांत एतद्देशीयांना स्थान मागणारा अर्ज विलायतेस धाडला.

प्रतिसाद 1
असहमत. ही संस्था प्रामुख्याने शेटियांची, म्हणजे धनिक व्यापाऱ्यांची होती. धनाढ्य पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई तिचे मानद अध्यक्ष होते. कायदेमंडळात स्थान मागितले ते सर्वांच्या नावाने, पण 1862 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सरकारने नेमले ते नानांना. यात रयतेचा प्रतिनिधी कुठे आहे?

प्रस्तावकाचे उत्तर
त्या काळी निवडणूकच नव्हती, तेव्हा नियुक्तीचा दोष एकट्या नानांना का द्यावा? खरी कसोटी शिक्षणाच्या वादात लागली. बोर्ड ऑफ एज्युकेशन या सरकारी शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, जे मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही होते, उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असे म्हणत असताना नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे देशी सभासद मातृभाषेच्या बाजूने ठाम उभे राहिले. शेटजींच्या मुलांना इंग्रजी शिक्षण सहज परवडत होते. मराठीतून ज्ञान हवे होते ते ज्यांना परवडत नव्हते त्यांना. स्वतःच्या वर्गाचा लाभ पाहणारा माणूस या वादात पडलाच नसता, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद 1 (पुन्हा)
पेरींशी घातलेल्या वादाचे श्रेय मी नानांना निःसंकोच देतो, आणि मुलींच्या शाळेसाठी नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली याचेही. पण 1848 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना घर सोडावे लागले. नानांचा वाडा मात्र शाबूत राहिला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

प्रतिसाद 2
शाबूत राहिला खरा, पण 1857 मध्ये बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय याच नानांवर आला होता. सरकारला ते पुरते आपले वाटत असते, तर संशय आलाच नसता.