विंडोज लाइव्ह मेल बंद पडलं. चौदा वर्षांचं टपाल नव्या मशीनवर कसं न्यावं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कराडहून आमचा एक छोटा दिवाळी अंक निघतो. अंक छोटा, पण लेखकांचा पत्रव्यवहार अवाढव्य, आणि तो २०११ पासून सगळाच्या सगळा विंडोज लाइव्ह मेल या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्राममध्ये. डेस्कटॉप विंडोज ७ चा. त्यावर दोन पत्ते जोडलेले: एक जीमेलचा, एक आमच्या स्वतःच्या डोमेनचा. जीमेलचा २०२२ च्या उन्हाळ्यातच रुसला, तेव्हापासून तो मोबाइलवर बघते. आता डोमेनचाही बंद. 'सेंड-रिसीव्ह' दाबलं की सर्व्हरने अनपेक्षितपणे कनेक्शन तोडलं असा लांबलचक एरर, शेवटी सीसीसी-झीरो-एफ. होस्टिंगवाल्यांना (डोमेनचं टपाल ज्यांच्या सर्व्हरवर येतं त्यांना) फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडून सगळं ओके आहे मॅडम."

दुकानातला मुलगा म्हणतो, "सगळं ऑनलाइन असतंच की, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो." मी हात जोडले. कारण खाती पॉपवर आहेत, टपाल उतरलं की सर्व्हरवरून जातं. म्हणजे 'कविता', 'कविता – परत', 'मानधन – देणे', 'जाहिराती – येणे बाकी' हे फोल्डर जगात फक्त या एका डब्यात आहेत. 'येणे बाकी' तर सगळ्यात जाडजूड आहे, ते असो.

विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतला आहे. विचारायचं आहे ते असं: हे जुनं दुरुस्त होईल का? नसेल तर फोल्डर आहेत तसे कशात जातील? आणि जुन्या लेखकांची पत्रं शिवाजी नाहीतर श्रीलिपी फाँटमध्ये आहेत, ती नव्या ठिकाणी वाचता येतील का? "ब्राउझरमध्ये बघा" हा सल्ला कृपया नको. ऑक्टोबरात ऐन प्रूफांच्या वेळी आमच्याकडे नेट हमखास झोपतं.

तारमास्तर

ताई, फॉरमॅटला नाही म्हणालात हे फार बरं केलंत. आता एवढंच धरून चाला: प्रोग्राम गेला म्हणून टपाल गेलेलं नाही. लाइव्ह मेल प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ठेवतं, इएमएल नावाची. फाइलींची नावं आकडे-अक्षरांची भेंडोळी असतात, त्यांना घाबरू नका. एखादी नोटपॅडमध्ये उघडून बघा, वर 'फ्रॉम', 'टू', 'सब्जेक्ट' साध्या अक्षरांत दिसेल. मराठी विषय असेल तर त्या ओळीत गिचमिड दिसेल, ते नुसतं सांकेतिक लिखाण आहे, पत्र शाबूत असतं.

आधी मूळ फोल्डरची नक्कल करा, बाकी सगळं नंतर. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल. ॲपडेटा लपवलेला असतो, फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हिडन फाइल्स दाखवा' ला टिक करावी लागते. लाइव्ह मेल बंद करून हा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पेनड्राइव्हवर हजारो बारीक फाइली चढवायला जन्म जातो. आत 'स्टोरेज फोल्डर्स' दिसला की तोही आलाय ना बघा, हाताने केलेले फोल्डर बरेचदा तिथेच असतात.

बंद का पडलं? मायक्रोसॉफ्टने या प्रोग्रामचा सपोर्ट १० जानेवारी २०१७ ला थांबवला, तेव्हापासून तो जसा होता तसाच आहे. जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डवर आत घेणं बंद केलं, म्हणून तुमचा पहिला पत्ता गेला. दुसऱ्याचं कारण बहुधा टीएलएस. सर्व्हरशी बोलणं गुपित ठेवण्याची ही पद्धत, तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये रीतसर मोडीत निघाल्या. विंडोज ७ मूळ सेटिंगला १.० वरच बोलतं. होस्टिंगवाल्यांनी ते दार लावलं असणार. त्यांच्याकडून ओके आहे हे खरंच आहे, फक्त कोणासाठी ओके ते त्यांनी सांगितलं नाही.

नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम घ्या. फुकट आहे, २००४ पासून चालू आहे आणि टपाल तुमच्या डिस्कवर ठेवतं, म्हणजे नेट नसतानाही जुनं सगळं उघडतं. त्यात 'इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी' हे ॲडऑन (जोड-प्रोग्राम) टाका. मग 'लोकल फोल्डर्स' मध्ये 'कविता' फोल्डर बनवा, त्यावर राइट क्लिक, आणि त्या डिरेक्टरीतली सगळी इएमएल पत्रं आत घ्या. एकदम सगळं ओढायचा मोह होईल. मी ऑफिसचं हलवलं तेव्हा एकेक फोल्डर घेतला आणि दर वेळी दोन्हीकडची संख्या ताडून पाहिली. कंटाळवाणं आहे, पण 'मानधन' मधली पत्रं कमी भरली तर लगेच कळतं.

एक सावधगिरी. नवीन खातं जोडताना थंडरबर्ड आपणहून आयमॅप (टपाल सर्व्हरवरच ठेवण्याची पद्धत) सुचवेल. घ्यायला हरकत नाही, पण आयमॅपमध्ये इथे डिलीट केलं की सर्व्हरवरूनही जातं. तुमची पॉपची सवय वेगळी आहे.

झटपटराव

एवढा खटाटोप कशाला? विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ असतंच, फक्त बंद असतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) दोन नोंदी केल्या की चालू. आणि जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा) लावून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढा, तो जुन्या पासवर्डच्या जागी टाका. काकांचं असंच चालू करून दिलंय.

तारमास्तर

झटपटराव, चालेल, नाही म्हणत नाही. पण ज्या विंडोजला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तिच्यावर अनोळखी कवींच्या अटॅचमेंट रोज उघडायच्या? दिवाळी अंकाच्या कार्यालयात अनोळखी कवी किती येतात याचा तुम्हाला अंदाज नाही.

फाँटफितूर

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी मी खास लॉगिन केलं, हा माझा जिव्हाळ्याचा रोग आहे.

शिवाजी, किरण, श्रीलिपी हे युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या घरातले फाँट. त्यांत 'क' हा खरा 'क' नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क' चं चित्र बसवलेलं असतं. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की माकडाने टंकलेलं इंग्रजी. म्हणून जुन्या मशीनच्या विंडोज-फाँट्स फोल्डरमधून त्या फाँटच्या टीटीएफ फाइली आत्ताच उचला. सीडी कुठे गेली ते आता कोणालाच आठवणार नाही. नव्या लॅपटॉपवर राइट क्लिक करून इन्स्टॉल करा.

पत्र एचटीएमएलमध्ये (फाँट-रंगासकट) आलं असेल तर फाँटचं नाव पत्रातच लिहिलेलं असतं. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये फाँटच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत पत्रांना स्वतःचे फाँट वापरू देण्याची टिक आहे, ती असली की मराठी दिसेल. साध्या मजकुराचं पत्र असेल तर ते नाव नसतंच. मग मजकूर लिबरऑफिस रायटरमध्ये चिकटवायचा आणि शिवाजी, श्रीलिपी आलटून पालटून लावून बघायचं. 'आई' ऐवजी भलतंच दिसलं तर फाँट चुकला, पुढचा लावा.

अंकात पुन्हा छापायची असतील तेवढीच युनिकोडमध्ये बदला. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. कवितेत तर जास्तच, तिथे चूक आहे की प्रयोग आहे हे कन्व्हर्टरला कळत नाही. (आम्हालाही नेहमी कळतं असं नाही.)

इलिनॉयकर

मी युडोरा हा ईमेल प्रोग्राम वापरायचो. इथल्याच इलिनॉय विद्यापीठात १९८८ मध्ये जन्मलेला प्रोग्राम, त्यामुळे जरा गावकीचं प्रेम. नंतर तो चालवणाऱ्या क्वालकॉम कंपनीने तो २००६ मध्ये सोडला आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचा सोर्स कोड खुला केला. म्हणजे माझं टपाल ज्यात होतं ते आता अधिकृतपणे संग्रहालयातली वस्तू.

सांगायचं ते वेगळंच. युडोरा अटॅचमेंट पत्रातून काढून वेगळ्या 'अटॅच' फोल्डरमध्ये ठेवायचा, पत्रात नुसती एक ओळ उरायची. लाइव्ह मेलच्या इएमएलमध्ये अटॅचमेंट आतच असते, त्यामुळे तुम्ही सुटलात. तरी जुनं मशीन टाकण्याआधी सगळ्यात जुन्या वर्षातली, फोटो आणि वर्ड फाइल असलेली काही पत्रं नव्या जागी उघडून बघा. अटॅचमेंटही उघडा, नुसती क्लिप दिसली म्हणजे झालं असं नाही.

कोयनाकाठ

मंडळी, तुमच्या पायाची धूळ पाठवा. फोल्डरची नक्कल झाली. 'कविता' आणि 'मानधन' थंडरबर्डमध्ये बसले, संख्या जुळली. शिवाजीतली पत्रं टिक लावल्यावर लख्ख दिसली. एका ज्येष्ठ कथाकारांचं २०१२ चं पत्र सापडलं, त्यात त्यांनी मानधन मिळाल्याचं कबूल केलंय. गेली कित्येक वर्षं ते नाही म्हणत आहेत! छापून फाइलला लावलं.

दोन गोष्टी उरल्या. पत्त्यांची वही कशी न्यायची? आणि लॅपटॉपमध्ये आधीच 'आउटलुक' दिसतंय, मग तेच का नको असं चिरंजीव विचारतात.

तारमास्तर

वही: जुन्या लाइव्ह मेलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये 'एक्सपोर्ट', सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी). थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये ती 'इम्पोर्ट' करा. मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली आहेत का ते आधी सीएसव्ही उघडून बघा. आली असतील तर तेवढी नावं हाताने भरा, दुसरा इलाज शोधण्यात वेळ जास्त जाईल.

आउटलुक: विंडोजचं साधं 'मेल' ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं, त्याच्या जागी हे नवं आउटलुक आलं. त्यात जीमेलचा पत्ता जोडला तर टपाल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक होतं. चिरंजीवांना ते चालत असेल तर त्यांनी त्यांच्या पत्त्यासाठी खुशाल वापरावं. लेखकांच्या मानधनाची पत्रं मी तरी तिथे नेणार नाही.

आणि आता थंडरबर्डचाच बॅकअप: थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर (ज्यात तुमचं टपाल आणि सेटिंग असतात तो) दर महिन्याला त्याच हार्ड डिस्कवर. चालू असताना नक्कल नको. जुना डेस्कटॉप दिवाळी होईपर्यंत टेबलाखाली राहू द्या, आणि दुकानातल्या त्या मुलाला दाखवू नका.